मुंबईची वीज चीनने घालवली? मग पुरावा दाखवा

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ‘गलवानच्या वादात चीनने बटण दाबून मुंबई बंद पाडली’ असं काही ज्येष्ठ पत्रकार आजही ठामपणे सांगतात आणि त्यांच्या क्लिप फिरत राहतात. राजकारणावर त्यांचं बोलणं मी आदराने ऐकतो. हा दावा मात्र तपासला की टिकत नाही.

‘अमेरिकी अहवालात सिद्ध झालंय.’ नाही झालेलं. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात ‘रेडएको’ या चीनशी जोडलेल्या गटाने भारतातल्या १० वीजसंस्था आणि २ बंदरांना लक्ष्य केल्याचं म्हटलंय. मुंबईतल्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात आहे. क्लिपमध्ये नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

‘राज्य सरकारनेच मान्य केलं.’ तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी १ मार्च २०२१ ला सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालावरून घातपाताची शक्यता बोलून दाखवली, १४ ट्रोजनचा (संगणकात लपून शिरणाऱ्या घातक प्रोग्रामचा) उल्लेख केला. हे गंभीर आहेच. पण संगणकात ट्रोजन सापडला म्हणजे त्यानेच ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच) उघडला, असं होत नाही. त्यासाठी हल्लेखोराला कार्यालयीन संगणकांतून स्काडापर्यंत (वीजजाळं दुरून नियंत्रित करणाऱ्या संगणक यंत्रणेपर्यंत) पोचावं लागतं, तिथून उपकेंद्राला आदेश द्यावा लागतो आणि त्या आदेशाची वेळ रिलेच्या (बिघाड ओळखून ब्रेकरला आदेश देणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींशी जुळावी लागते. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला हे खरोखर घडलं. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरत होता, ब्रेकर उघडत गेले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. फसव्या ईमेलपासून ब्रेकरपर्यंतचा सगळा माग तपासात निघाला. मुंबईबाबत असा माग कुणीही जाहीरपणे मांडलेला नाही.

‘मग वीज गेली कशी?’ मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, आणि अशा वेळी शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून सांभाळणारं आयलंडिंगही कोसळलं. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण दिलं. मंत्र्याचा शब्द प्रमाण मानू नका, जरूर खोदा. पण चीनचं नाव घेतलं की महापारेषणला (राज्याच्या वीजवहन कंपनीला) कुणी विचारतच नाही: वाहिन्यांची देखभाल कशी होती? आयलंडिंगच्या वेळी शहरातली वीजनिर्मिती मागणीला का पुरली नाही? हे प्रश्न विचारायला हॅकिंग कळावं लागत नाही, आणि तिथे या ज्येष्ठांचा अनुभव खरंच कामी येईल.