व्हायरलला अझी, आणि वर मलाच शहाणपण

सोमवारपासून नवऱ्याला ताप. 102. अंग ठेचून निघालंय, घसा धरलाय. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा बघितला आणि स्वच्छ सांगितलं: फ्लू दिसतोय, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, झोपा. फी देऊन नुसतं "झोपा" ऐकायला मिळालं याचाच याला राग! येताना साहेब मेडिकलमध्ये थांबले. "सर्दीतापावर काहीतरी स्ट्राँग द्या." त्या माणसाने चिठ्ठी न मागता अझिथ्रोमायसिन 500 या अँटीबायोटिकची स्ट्रिप काउंटरवर टाकली. तीन गोळ्या, मागे ढळढळीत लाल रेघ. अहो, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका म्हणून असते ती रेघ. शोभेला नाही काढलेली!

मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी आहे. घरात या पदवीचा उपयोग एवढाच की दही नीट लागलं नाही की सगळे माझ्याकडे बघतात.

तरी मी त्याला समजावलं. म्हटलं, गिरणी आठव. बॅक्टेरिया म्हणजे स्वतःची गिरणी असलेला माणूस. स्वतः दळतो, स्वतः खातो, स्वतः वाढतो. ही तुझी गोळी काय करते? त्याची गिरणी बंद पाडते. रायबोसोम म्हणतात त्या गिरणीला, तिथे प्रथिनं तयार होतात. प्रथिनं बंद, वाढ बंद. आता फ्लूच्या विषाणूकडे काय आहे? आरएनएचे, म्हणजे प्रथिनं कशी बनवायची त्या कृतीच्या चिठ्ठीचे, 8 तुकडे, मोजकीच प्रथिनं आणि वरून एक पाकीट. तेही पाकीट आधीच्या पेशीच्या कातडीचं फाडून आणलेलं. गिरणी नाहीच! मग तुझी गोळी बंद काय पाडणार, कप्पाळ?

विषाणू तुझ्या श्वासनलिकेच्या पेशीला चिकटतो आणि पेशीच त्याला गिळून आत घेते. आतल्या पिशवीत आम्ल वाढलं की हा सुटा होतो आणि त्याचे तुकडे पेशीच्या केंद्रकात पोचतात. आणि तिथे जी चोरी करतो ना, मला तर त्या चोरीचं कौतुकच वाटतं. तुझ्या आरएनएच्या टोकाला एक टोपी असते. ती टोपी बघूनच आपली गिरणी दळण घेते. हा तुझ्या आरएनएची ती टोकं कापतो आणि स्वतःच्या आरएनएला लावतो. म्हणजे गिरणीत रांगेत ठेवलेल्या डब्यावरची आपल्या नावाची चिठ्ठी काढायची, स्वतःच्या डब्याला चिकटवायची आणि आपल्याच गव्हाचं पीठ घेऊन पसार व्हायचं. 6 ते 8 तासांत नवे विषाणू पेशीच्या कडेने बाहेर पडायला लागतात. मागे राहिलेली पेशी मरते. ताप गेल्यावरही खोकला रेंगाळतो तो म्हणूनच, नळीचं आतलं अस्तर नव्याने भरून यायला वेळ लागतो.

दळण चाललंय ते *आपल्या* गिरणीत, आणि आपल्या गिरणीची घडण वेगळी, तिला अझिथ्रोमायसिन हात लावत नाही. देवाची कृपा म्हणा, नाहीतर ताप उतरण्याआधी तूच उतरला असतास.

यावर नवऱ्याचं उत्तर: "पण मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी उतरला होता."

अरे, तो तसाही उतरणारच होता! तुझ्या शरीराने अँटीबॉडी तयार केल्या, बाधित पेशी शोधून मारल्या, चार दिवस हाडं मोडून काम केलं, आणि श्रेय गेलं त्या गोळीला. सून मर मर मरते आणि पाहुणे पोळ्यांचं कौतुक सासूबाईंकडे करतात, तसलाच प्रकार.

फ्लूवर औषध नाहीच असं मी म्हणत नाही. ओसेल्टामिविर आहे. बाहेर पडणारा विषाणू ज्या कात्रीने स्वतःला पेशीपासून सोडवतो, ती कात्री ते बोथट करतं. पण ते लवकर, शक्यतो पहिल्या 48 तासांत सुरू करायचं आणि कोणाला द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. फ्लूनंतर बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झाला तर अँटीबायोटिक लागतंच, तेव्हा मीच धावत जाऊन आणीन. पण हे ठरवणार कोण, काउंटरमागचा माणूस?

गोळीने मारलं काय, तर आतड्यातले बिचारे आपले बॅक्टेरिया. बुधवारी जुलाब सुरू. आता साहेब दहीभात खातायत आणि "फ्लू पोटात उतरला" असं फोनवर सगळ्यांना सांगतायत. आणि जे बॅक्टेरिया या माऱ्यातून तगले, त्यांना पुढच्या वेळी ही गोळी किस झाड की पत्ती. खरी गरज पडेल तेव्हा काय घेणार आहोत आपण?

कहर म्हणजे बरं वाटायला लागल्यावर दोनच गोळ्या घेतल्या. तिसरी गेली औषधांच्या डब्यात. मी चिडून तो डबा ओट्यावर पालथा केला. चार प्रकारची अँटीबायोटिक्स, सगळी अर्धवट. त्यात एक गोळी कात्रीने अशी कापलेली की नावही गेलंय आणि तारीखही. ती कचऱ्यात टाकायला उचलली तर आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, ती ठेव, ती घशाची आहे!"