जगभरच्या नोटा रद्द, म्हणे!

‘नाणेनिधीचा ठराव झाला. दोन वर्षांत जगातल्या सगळ्या नोटा रद्द. स्वीडन बघा! काळा पैसा संपेल. डिजिटल पैसा वीज-नेटशिवायही चालतो. घरातली रोकड आत्ताच खालच्या लिंकवर बदलून घ्या.’ हा फॉरवर्ड आता आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरही येऊन पडला, तेव्हा लिहिणं आलं.

कुठल्याही देशाचं चलन रद्द करायचा अधिकारच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला (आयएमएफला) नाही. नॉर्वेने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क उलट पक्का केला.

‘स्वीडन बघा!’ बरं, तिथे रोकड फारच कमी वापरतात, हे मान्य. पण त्याच सरकारने २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेली पुस्तिका सांगते: निदान आठवडाभर पुरेल इतकी रोकड जवळ ठेवा, शक्यतो लहान-मोठ्या नोटांत.

वीज-नेटशिवाय चालतो, हा मात्र कहर. कार्ड टेकवलं की निरोप मशीनकडून दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून कार्ड नेटवर्ककडे (म्हणजे व्हिसासारख्या, बँकांना जोडणाऱ्या कंपनीकडे), मग तुमच्या बँकेकडे आणि तसाच परत. १ जून २०१८ ला व्हिसाच्या एका डेटा सेंटरमधल्या स्विचचा (निरोप पुढे धाडणाऱ्या यंत्राचा) एक भाग अर्धवट बिघडला. साफ बंद पडला असता तर दुसऱ्या सेंटरने काम उचललं असतं. धड चालेना, धड मरेना, म्हणून तेही अडलं. युरोपात सुमारे ५२ लाख व्यवहार फसले. कंपनीनेच ब्रिटिश संसदेच्या समितीला हे लेखी कळवलंय. आणि तेव्हा वीज गेलेली नव्हती!

ऑफलाइन सोय आहे, पण कशी? मशीन व्यवहार साठवतं, नेट आलं की पाठवतं. तोवर खातं रिकामं झालं असेल तर सहसा दुकानदार बुडतो. पैसा थेट कार्डाच्या किंवा फोनच्या चिपमध्ये ठेवला तर वेगळाच पेच. नोट दिली की हातातून जाते, डेटाची नक्कल निघू शकते. म्हणून रकमेला मर्यादा घालायची आणि अधूनमधून ऑनलाइन येऊन हिशेब जुळवायला लावायचं. फोनची बॅटरी संपली की तेही राहिलं.

काळा पैसा संपेल? तो बँकखात्यांतूनही फिरतो.

राहिली लिंक. कागदी नोट लिंकमधून जाणार कशी? असली पानं कार्ड नंबर आणि ओटीपी उकळायला बनवतात. ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खातं थांबवा, मग सायबर पोलिसांकडे तक्रार. फॉरवर्ड इतक्यात डिलीट करू नका, पुरावा लागेल.