‘मागच्या तारखा अंदाजे छापतात’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

रविवारी, ३१ ऑगस्टला रात्री तुम्ही फोन केलात आणि आमचं उत्तर थेट मंगळवारी गेलं. माफी मागतो. आम्ही दोघंच माणसं आहोत आणि त्या दिवशी माझ्या घरी गौरी आल्या होत्या. पण डिस्क भरून तुमचं बिलिंग अडलं होतं, त्यापुढे हे कारण तोकडंच आहे.

मात्र ‘मागच्या तारखा अंदाजे छापतात, महिन्याला एक बॅकअप असताना अकरा दाखवतात’ हे वाचून फार लागलं. सर्व्हरवरच्या कामांच्या वेळापत्रकावरून त्यांच्या मागच्या तारखा काढून देणं, सहा वर्षं हेच एक काम करतोय. ग्राहक आमच्याकडे येतात ते या तारखांच्या भरवशावर. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या सर्व्हरवरची क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, ओळ ‘० २२ १-७ * ६’ अशी आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. स्टार (*) म्हणजे कोणताही, वारातला ६ म्हणजे शनिवार. तुम्हाला हवा होता महिन्याचा पहिला शनिवार, रात्री १० वाजता. ओळ वाचून तसंच वाटतं, सुरुवातीला मीही तसंच समजायचो. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांच्यात ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतं. दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम सुरू होतं. क्रॉनच्या मॅन्युअलमध्ये हा नियम दिलेला आहे. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये १ ते ७ असे सलग सात दिवस, आणि वर ९, १६, २३, ३० हे चार शनिवार. झाले अकरा. २ तारखेचा शनिवार त्या सातांत आलाच.

आमचा प्रोग्राम दिलेल्या वेळेपासून मागे जात महिना, दिवस, तास, मिनिट याच नियमाने जुळवतो. अंदाज कुठेच नाही. मंगळवारी तुम्हीच पाठवलेल्या सर्व्हर लॉगमध्ये त्याच अकरा नोंदी आहेत. डिस्क भरली ती त्या अकरा बॅकअपनी. ती ओळ आम्ही लिहून दिलेली नव्हती, आणि लॉग बघूनही रिव्ह्यू तसाच ठेवलात, याचं वाईट वाटतं.

आमचंही चुकलं. रिपोर्टवर आम्ही ‘मागील रन’ छापतो, पण ती शेड्यूलवरून काढलेली वेळ असते. त्या वेळी सर्व्हर बंद असेल तर काम झालेलंच नसतं. तो मथळा बदलतोय. दोन्ही रकाने भरलेले दिसले तर इशारा देण्याचं कामही लवकरच घेतोय.

तोवर वाराच्या जागी स्टार टाका, तारीख १-७ राहू द्या, आणि आज शनिवार आहे का हे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तपासा. जमत नसेल तर मी करून देतो, पैसे नकोत. येत्या शनिवारी, ६ तारखेला, अनंत चतुर्दशी आहे. तरी रात्री १० वाजता बॅकअप नीट होईपर्यंत मी फोनवर असेन.