जुन्या गावच्या मसणवट्यात जेसीबी घालायच्या आधी

मंगळवारी सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, ‘जुन्या रुद्रभूमीच्या जीर्णोद्धाराला सुरुवात’ (रुद्रभूमी म्हणजे आमचा मसणवटा), खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि फोटोत जेसीबीचं बकेट येड्या बाभळीत घुसलेलं. मी फोटो मोठा करून बघितला तर बकेटच्या बाजूला एक दगडी नंदी उलटा पडलेला दिसला, पाय वर. तशीच लातूरहून गाडी काढली. वाटेतूनच सरपंचांना फोन केला, माणूस चांगला आहे, म्हणाले या, तोवर थांबवतो. दुपारी काम थांबलं. आता दोन दिवस झाले, ‘चांगल्या कामात आडवा आला’ असं ग्रुपवर चाललंय, म्हणून हे सगळं नीट लिहितोय. लांबेल, पण वाचा.

बाहेरच्या मित्रांसाठी थोडं आधीचं. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची हातभर माती, ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लातूर-उस्मानाबाद मिळून आठ हजाराच्या आसपास माणसं गेली आणि नंतर ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली, त्यातलंच आमचं. नवं गाव दोन-अडीच किलोमीटरवर, सरळ रस्ते, एकसारखी घरं, स्मशानभूमीसुद्धा लेआऊटमधेच दिलेली. घरं गेली, देव गेले, बाजार गेला, पण समाध्या कशा नेणार? त्या जुन्या गावच्या ओढ्याकाठीच राहिल्या. तिकडं नवीन कोणाला पुरायचं बंद झालं, मग जाणंयेणं बंद झालं, आणि तीस वर्षांत येड्या बाभळीनं सगळं गिळलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. १९८९ ला आज्जा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो पण तो दिवस डोळ्यासमोर आहे. त्यांना भिंतीला टेकवून बसवलेलं, डोक्याला फेटा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, रात्रभर भजन. विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवूनच वाजतगाजत नेलं. खड्ड्याचं माप गेलेल्या माणसाच्याच पावलानं घेतात, आत एका बाजूला कोनाडा काढतात, त्यात बसवतात आणि जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. जंगम स्वामींचे मंत्र चालू होते, वरून बेलाची पानं, विभूती, मीठ, मग माती. आज्जीनं तिथंच वडिलांना सांगितलं, ह्यांच्या शेजारची जागा माझी, कुणाला देऊ नका. वडिलांनी ओढ्यातले चार दगड आणून चार कोपऱ्याला रोवले.

आज्जी चार वर्षांनी भूकंपात गेली. पाऊस लागून राहिलेला, ढिगाऱ्यातून माणसं काढता काढता दिवस गेले, लाकूड पुरत नव्हतं, जाळायचं का पुरायचं हे विचारायलासुद्धा घरात कोणी धड शिल्लक नव्हतं. एका चितेवर कितीतरी जण, त्यातच आज्जी. तिची जागा तशीच मोकळी राहिली. वडील होते तोवर दर शिवरात्रीला जाऊन त्या चार दगडांमधलं गवत काढायचे, काही बोलायचे नाहीत.

मंगळवारी मी गेलो तेव्हा त्यातले तीन दगड जागेवर होते. चौथा जेसीबीच्या चाकाखाली दबून फुटलेला, जुनी बाजू शेवाळानं करडी आणि नवीन फुटलेली बाजू काळीशार, ओली असल्यासारखी चमकत होती. चालवणाऱ्या पोराची काय चूक, त्याला चार धोंडे दिसले. ते धोंडे नाहीत हे सांगायला तिथं कोणीच उभं नव्हतं, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे.

आराखडा मी बघितलाय. जनसुविधा योजनेतून, म्हणजे ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून, कंपाउंड, लोखंडी गेट, आत पेव्हर ब्लॉक, मधोमध पत्र्याचं शेड, आणि समाध्यांना ‘दुरुस्ती व रंगरंगोटी’. जनसुविधेत दहनभूमी-दफनभूमीसाठी पैसा मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे, नव्या स्मशानात शेड, पाणी, रस्ता पाहिजेच, पावसात प्रेत घेऊन उभं राहायची वेळ कोणावर येऊ नये. पण हे जुनं आहे, इथं आता कोणाला आणायचं नाहीये, मग शेड कोणासाठी? पेव्हर ब्लॉक टाकायचे म्हणजे आधी जमीन एकसारखी करणार, आणि ज्या समाध्यांचा फक्त वीतभर चबुतरा वर राहिलाय त्या त्या एकसारखं करण्यातच जाणार.

समाध्या कलल्या कशामुळं हे कोणी बघितलंय का? भूकंपानं काही हलल्या, मान्य, पण बाकीचं काम आपल्या काळ्या मातीचं आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर्षाला एकदा दगड उचलायचा आणि एकदा सोडायचा. जुन्या माणसांना हे माहीत होतं म्हणून जोड चुन्याचे केले, चुना, वाळू, विटाची सुरखी म्हणजे भुकटी, गुळाचं पाणी. चुना थोडा नरम राहतो, आतली ओल बाहेर सोडतो, जमीन हलली तर जोड उघडतो पण दगड शाबूत राहतो. त्या जागी सिमेंट भरलं की ते दगडाला असं धरतं की पुढच्या वेळी जोड नाही, दगडच तडकतो. ऑइल पेंटचं तेच, आत ओल कोंडते आणि नक्षी पुसल्यासारखी होते. चुना आजही मिळतो, चुन्याचं काम येणारे गवंडी आजही शोधले तर सापडतात, फक्त ते टेंडरच्या रेटमधे बसत नाहीत एवढंच.

आणि बाभळ. जेसीबीनं उपटली तर मुळाबरोबर शेजारचा चबुतरा वर येतो. नुसती वरून तोडली तर दोन पावसाळ्यात दुप्पट. हातानं, कडेची माती सारून, जमिनीच्या खाली वीतभर बुंधा कापायचा आणि पुढं दोन-तीन वर्ष येईल तो फुटवा मोडत राहायचं. वेळखाऊ आहे, पण समाध्यांच्या गर्दीत मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

पण हे सगळं नंतरचं. सगळ्यात आधी पाहिजेत नावं.

आपल्या मसणवट्यात बहुतेक समाध्यांवर एक अक्षर नाही. ऐपतवाल्यांनी नंदी बसवला, नाहीतर साधं लिंग, नाहीतर नुसते चार घडीव दगड. संगमरवरी पाट्या सगळ्या अलीकडच्या. म्हणजे कोण कुठं बसलंय हे लिहिलेलं नाही, ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि अशी माणसं आता गावात चार उरलीत, मी मोजली. बुधवारी त्यातल्या एका आक्काला गाडीवर घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्याला कमी दिसतं. बाभळीतून वाट काढत हातानं दगड चाचपत सांगत होत्या, ही माझ्या सासूची आत्या, हे दोघं भाऊ एकाच आठवड्यात गेले, हे लहान लेकराचं आहे, पाय नको देऊ. एका समाधीच्या कोपऱ्याला खोलगट खड्डा आहे, त्यात बोट घालून म्हणाल्या, “हितं मी लग्न होऊन आले तवा दिवा लावलेला. लोकं इसरलालेत रे लेकरा.” अर्ध्या तासात तेवीस नावं. मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, वहीत ओळीप्रमाणं नकाशा काढलाय. ह्याला एक रुपया लागला नाही. पण पेव्हर ब्लॉक पडल्यावर आक्का हात कशाला लावून ओळखणार?

ओढ्याच्या कडेला जो कलता दगड आहे, आपण लहानपणी ज्याला घोडेवाला म्हणायचो, तो वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खालच्या चौकटीत गाई आणि लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, माथ्याला चंद्रसूर्य. गावच्या गाई सोडवताना मेलेला कोणीतरी आपलाच माणूस. सकाळी सातच्या सुमाराला तिरपं ऊन पडतं तेव्हा गाईची शिंगंसुद्धा मोजता येतात, दुपारी काहीच दिसत नाही. त्याला कंपाउंडच्या पायात घालू नका, एवढी विनंती.

आता जे बोललेलं काही लोकांना आवडणार नाही ते. ओढ्याच्या वरच्या अंगाला कब्रस्तान आहे, तिथल्या जुन्या कबरींवर पुरुषाच्या कबरीला कलमदान (लेखणीच्या डबीसारखा उंचवटा) आणि बाईच्या कबरीला सपाट तख्ती (पाटी), अजून ओळखू येतं. आणि खालच्या अंगाला जो पट्टा आहे तिथं दलित वस्तीतली माणसं पुरलेली आहेत. तिथं दगड नाहीत. दगड नाहीत कारण त्या लोकांना कोणी घडीव दगड लावू दिला नाही, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत आहे. आराखड्यात तो पट्टा ‘पडीक’ दाखवलाय आणि नव्या कंपाउंडच्या बाहेर ठेवलाय. पुढच्या दहा वर्षांत ते कोणाच्या तरी बांधात गेलेलं दिसेल. म्हणून भिंतीच्या आधी मोजणी करा. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, काढा, त्याच्या मागं जायचं तर निजामाच्या काळातली कागदं उर्दूत आहेत, कब्रस्तान कमिटीतले चाचा उर्दू वाचतात, त्यांना मी विचारलंय, ते तयार आहेत. कोणाची हद्द कुठपर्यंत हे कागदावर ठरलं की मग बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलं तरी चालेल. त्या खालच्या पट्ट्यातली नावं सांगणारे दोन आजोबा अजून आहेत, त्यांना बोलावणं पाठवायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं.

येत्या रविवारी सकाळी सातला जुन्या वेशीपाशी जमतोय. विळा, कुऱ्हाड, हातमोजे आणा, काटे फार आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणायला दोन गाड्या सांगितल्यात. पोरांनी मोबाईल चार्ज करून आणा, एकानं रेकॉर्ड करायचं, एकानं वहीत लिहायचं. पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी आपापल्या आईवडिलांना आजच फोन करून विचारा, आपले कोण कुठल्या ओळीत आहेत.

आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या उलट्या पडलेल्या नंदीचं तोंड नाहीये, मान जुनीच मोडलेली आहे. कोणाच्या घरी, गोठ्यात, तुळशीपाशी असेल तर आणून द्या. कधी नेलं, कोणी नेलं, कोणी विचारणार नाही.