काढा म्हणता, तर आधी कागद दाखवा

एक नोव्हेंबर जवळ आला की आपल्या बेळगाव सीमाभागातले मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकेक करून गप्प व्हायला लागतात. हा भाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाची काळ्या दिनाची फेरी रस्त्यावर निघते, ग्रुपवर मात्र ‘फक्त अ‍ॅडमिन’ची कडी पडलेली असते.

गेल्या वेळी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर एका पोराने फेरीचा व्हिडिओ टाकला. घोषणा होत्या, शिवी एकही नव्हती. तासाभरात अ‍ॅडमिनला फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला नाही. “काढून टाका, नाहीतर केस पडेल,” एवढंच. अ‍ॅडमिनचं किराणा दुकान आहे. त्याने व्हिडिओ तर काढलाच, वर सतरा जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना आपण अभिवादन करतो, त्याचे जुने फोटोही काढले. ते काढा असं कुणीही म्हटलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “दुकान चालवायचं आहे की दादा. केस अंगावर घेऊन कुठं फिरू?”

त्याला मी दोष देत नाही. मला राग येतो तो याचा, की एका निनावी फोनवर आपण आपल्याच हुतात्म्यांचे फोटो पुसतो आणि फोन करणाऱ्याला ‘कुठल्या आदेशाने?’ एवढंही विचारत नाही.

कायदा काय सांगतो ते जरा बघा. केंद्र सरकार नेटवरचा मजकूर अडवतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने नेटवरच्या लिखाणावरून अटक करू देणारं ६६अ रद्द केलं, ६९अ राहू दिलं. राहू दिलं ते कशाच्या भरवशावर? तर कारणं लेखी नोंदवली जातील, म्हणजे ज्याचं तोंड बंद झालं त्याला कोर्टात दाद मागता येईल. आणि याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो, हा सगळा व्यवहार गुप्त ठेवा. मग अडवलेलं खातं उघडायला गेलं की ‘कायदेशीर मागणीवरून भारतात रोखलं आहे’ अशा अर्थाची एक ओळ दिसते. मागणी कुणाची, कुठल्या वाक्याबद्दल, काही पत्ता लागत नाही. मराठीत परिपत्रकं द्या म्हणून आपण जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चे नेलेली माणसं. इथे तर कुठल्याच भाषेतला कागद हातात पडत नाही, आणि आपण चकार शब्द काढत नाही.

त्यात २०२४ च्या ऑक्टोबरात कंपन्यांना मजकूर काढायच्या सूचना धाडण्याचं केंद्राचं ‘सहयोग’ पोर्टल आलं. कळवूनही बेकायदा मजकूर न काढणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं असं सांगणाऱ्या कलम ७९(३)(ब) चा आधार घेऊन पोलिसही थेट कंपन्यांना मजकूर काढायला सांगू लागले. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला तिची याचिका फेटाळली गेली. मला तो निकाल पटलेला नाही. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियम थोडा आवळला, हे बरं झालं. आता पोलिसांकडून कंपनीला अशी सूचना जायची तर अधिकारी किमान डीआयजी, म्हणजे पोलिस उपमहानिरीक्षक, दर्जाचा हवा; कलम, कारण आणि नेमकी लिंक लिहून द्यायला हवी. आमच्या अ‍ॅडमिनला आलेला फोन यात कुठे बसतो?

अख्खं नेट बंद करण्याचंही तेच. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला आणि नेट तोडलं. माझा निपाणीचा चुलतभाऊ त्या दिवशी काकूला घेऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात होता. औषधाच्या दुकानात यूपीआय चालेना, खिशात रोकड जेमतेम. शेवटी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून हातउसने घेतले तेव्हा इंजेक्शन मिळालं. नेट बंदीचा आदेश जाहीर झाला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० लाच सांगितलंय. आपण तो वाचायला मागतो का कधी?

आता आपल्याच माणसांना न आवडणारं बोलतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. १४ तारखेला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं आणि नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांवर गुन्हे नोंदवू म्हणाले. बनावट खातं बंद व्हायलाच हवं. पण त्याच दिवसांत आमच्या ग्रुपवर कन्नड संघटनांच्या खऱ्या पानांच्या लिंका फिरत होत्या, ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ म्हणून. एखादं पान पडलं की फटाके फोडल्यासारखा आनंद. ज्या कात्रीने त्यांचं पान कापलं जातं, तिच्याखाली उद्या आपलं येणार नाही असं कुणी सांगितलं? इथे आपली संख्या कमी, ठाण्यात आपलं वजन कमी. आपल्याला तर मोकळ्या नेटची गरज जास्त.

आणि हे एकट्या कर्नाटक सरकारचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब गेले तेव्हा मुंबई बंद कशाला, असं फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. बाळासाहेब सीमाभागाला किती जवळचे, ते मी सांगायला नको. तरीही ती अटक चुकीचीच होती.

डिसेंबर २०२५ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये, आपल्या बेळगावात, विधानसभेने द्वेषपूर्ण भाषणाविरुद्धचं विधेयक गोंधळात मंजूर केलं. मजकूर काढायला लावण्याचा अधिकार त्यात नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलाय. द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न असा, की ‘आम्हाला महाराष्ट्रात जायचं आहे’ हे वाक्य द्वेषाचं की मागणीचं, ते ठरवणार कोण? सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. देशाच्या सर्वोच्च कोर्टात जी मागणी उघडपणे मांडलीय, ती फेसबुकवर लिहिताना शब्दांच्या मध्ये टिंबं घालून का लिहायची? पोरं तशी लिहितात हल्ली, अल्गोरिदमला कळू नये म्हणून. बघून जीव तुटतो.

तेव्हा अ‍ॅडमिन मंडळींना विनंती. फोन आला तर घाबरून ग्रुप झाडू नका. नाव, हुद्दा, ठाणं विचारा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी सूचना मागा. मजकूर खरंच भडकाऊ असेल तर फोनची वाट न बघता स्वतः काढा. कन्नड शेजाऱ्यांच्या ग्रुपवर असा फोन आला, तरी मला कळवा. लेखी आदेश मागणारा अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून द्यायला मी तयार आहे. इनबॉक्स उघडा आहे.