लोणच्याची बरणी सोनेगावात सुटते, मुंबईत अडकते

परदेशात मुलाकडे निघालेल्या नागपूरच्या आईबाबांच्या हातातल्या बॅगेत तूप, लोणचं, ठेचा यांपैकी काहीतरी असतंच. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर ते बरेचदा सहज सुटतं आणि मुंबईला किंवा दिल्लीला आंतरराष्ट्रीय तपासणीत काढून ठेवावं लागतं. मग सगळा राग निघतो तिथे तपासणी करणाऱ्या सीआयएसएफच्या (केंद्रीय सुरक्षा दलाच्या) जवानावर. माझ्या मते हा राग चुकीच्या माणसावर निघतो. तो जवान लिहिलेला नियम पाळतोय. कमी पडतात ते तिकीट काढून देणारे आणि नागपूरच्या काउंटरवर बॅग घेणारे, कारण सामान बदलण्याची शेवटची संधी तिथेच असते आणि नेमकं तिथेच कुणी काही सांगत नाही.

गोष्ट अशी आहे. नागपूर ते मुंबई हा देशांतर्गत प्रवास. त्यात पाण्याची बाटलीसुद्धा सहसा जाऊ देतात. मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कचं विमान धरताना मात्र पुन्हा तपासणी होते आणि तिथे १०० मिलिलिटरचा नियम लागतो. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर मोठी बॅग बहुतेक वेळा नागपूरहूनच थेट शेवटच्या गावापर्यंत टॅग होते, मुंबईत ती हाती येत नाही. म्हणजे बरणी अडली तर ती ठेवायला बॅगच नाही! पर्याय दोनच: टाकून द्या, नाहीतर कुणी सोडायला आलं असेल तर त्याच्या हाती द्या. नागपुरातून निघालेल्यांना मुंबईत सोडायला कोण येणार?

म्हणून सामान भरताना वाटेतली सगळ्यात कडक तपासणी कुठली, ते आधी बघायचं आणि तिच्या हिशेबाने भरायचं. नागपूरहून थेट आखाती देशात जाणाऱ्यांसाठी ती तपासणी सोनेगावातच असते.

आता नियम. द्रव, स्प्रे आणि जेल, प्रत्येक वस्तू जास्तीत जास्त १०० मिलीच्या डबीत. अशा सगळ्या डब्या उघड-बंद होणाऱ्या एका पारदर्शक पिशवीत, साधारण २० बाय २० सेंटीमीटर, एकूण क्षमता १ लिटर. माणशी एकच पिशवी. ती बॅगेतून काढून ट्रेमध्ये वेगळी ठेवायची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘१०० मिली’ या शब्दांवरून. मोजतात ती डबीची क्षमता, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी दोन चमचे खोबरेल असलं तरी ती अडते. रांगेतल्या प्रत्येकाचं तेल मोजत बसणं शक्य नसतं, बाटलीवर छापलेला आकडा मात्र एका नजरेत दिसतो. डिओचे कॅन यातच अडकतात, कारण त्यांवर बहुधा १५० मिली असतं. टूथपेस्ट जेलमध्ये धरतात, त्यामुळे १५० ग्रॅमची ट्यूब घरीच ठेवा. घरच्या स्टीलच्या डब्यावर तर काहीच छापलेलं नसतं. तिथे जवानाचा अंदाज हाच निकाल, आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही.

हे सुरू झालं २००६ च्या ऑगस्टमध्ये. लंडनहून अमेरिका आणि कॅनडाला जाणारी विमानं उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघड केला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं स्फोटक मिश्रण सरबताच्या बाटल्यांतून नेण्याचा बेत होता. सुरुवातीला द्रवांवर जवळपास सरसकट बंदी आली, नंतर त्याच वर्षी १०० मिलीची मुभा मिळाली. जुन्या एक्स-रे यंत्रात बाटलीचा आकार दिसतो, पण आत पाणी आहे की आणखी काही, हे त्या सपाट चित्रावरून खात्रीने कळत नाही. नवी सीटी यंत्रं वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेऊन आतल्या पदार्थाची घनता काढतात. म्हणूनच २०२५ मध्ये एडिनबरा आणि बर्मिंगहॅमने २ लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी दिली. उलट युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२४ पासून अशी यंत्रं असलेल्या विमानतळांवरही १०० मिली परत आणलं होतं. एका विमानतळावर चाललं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही, परतीच्या प्रवासात तर हे हमखास विसरलं जातं.

आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर जे सांडतं, पसरतं किंवा डब्याचा आकार घेतं, ते द्रवात धरा. डिसेंबरात थिजलेलं तूपसुद्धा त्यातच. लोणचं, ओला ठेचा, मध, श्रीखंड, आमरस, पाकातले गुलाबजाम, सावजी रस्सा, पोह्यांवरची तर्री हे सगळं चेक-इन बॅगेत. संत्रा बर्फी, वर्ध्याचा गोरसपाक (तुपातली बिस्किटं), जवसाची कोरडी चटणी, चिवडा आणि अख्खी संत्री हातातल्या बॅगेत चालतात. उतरायच्या देशाचे कस्टमचे नियम मात्र वेगळे असतात. ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायचीच, आणि संत्री विमानातच संपवायची.

चेक-इनमध्ये टाकलं की काळजी संपली असं नाही. उड्डाणात विमानातला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरतो, आणि सामानाच्या कप्प्यातही तेच. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. इथे बंद केलेल्या बरणीतली हवा वर गेल्यावर वीस ते तीस टक्के फुगू पाहते आणि झाकणाच्या फटीतून तेल बाहेर ढकलते. प्लास्टिकची बाटली किंचित दाबून, हवा काढून मग झाकण लावा. तोंडावर आधी जाड प्लास्टिकचा तुकडा, त्यावर आटे असलेलं झाकण, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, आणि सगळं कपड्यांच्या मधोमध. नुसतं दाबून बसवायचं झाकण तेलासाठी कधीच नको.

औषधांची गोष्ट वेगळी. प्रवासात लागणारं द्रव औषध आणि बाळाचं दूध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी नेता येतं, पण ते कुणी विचारण्याआधीच काढून दाखवायचं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ खोका, चिठ्ठीवर प्रवाशाचं तिकिटावरचंच नाव. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत देतात, पावती आत दिसेल अशी. शेवटच्या मुक्कामापर्यंत ती फोडायची नाही. परदेशातून दिल्लीमार्गे नागपूरला येताना कस्टमनंतर मोठी बॅग हाती येते, तेव्हाच बाटली तिच्यात ठेवा.

माझी मागणी साधी आहे. नागपूरच्या काउंटरवर, बॅग पट्ट्यावर चढण्याआधी दिसेल असा मराठी फलक हवा: ‘पुढे परदेशी विमान आहे का? तूप, लोणचं, तेल आत्ताच या बॅगेत ठेवा.’ एवढ्याने कितीतरी बरण्या वाचतील. तो लागेपर्यंत आईबाबांना एक प्रश्न पाठ करून द्या: ‘ही बॅग कुठपर्यंत टॅग झाली?’ टॅगवर मुंबईचं ‘बीओएम’ मोठं छापलेलं असेल तर बॅग मुंबईत मिळेल. लंडनचं ‘एलएचआर’ असेल तर बरणी त्याच क्षणी, काउंटरवरच, आत गेली पाहिजे.