व्हे प्रोटीन मांसाहारी? नाही

‘जिमवाल्यांची व्हे पावडर मांसापासून बनते, शाकाहारींनी हात लावू नये’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. चीज किंवा पनीर करताना दूध फाटलं की जे हिरवट-पिवळं पाणी उरतं, तेच गाळून, वाळवून व्हे तयार होतं.

मेसेजात तथ्य असेल तर एवढंच, की चीजसाठी दूध फाडायला काही ठिकाणी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. बरेच कारखाने आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं एन्झाइम वापरतात. शंका असेल तर डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते बघा. कोलाजेन पावडर मात्र प्राण्यांच्या कातडी-हाडांतूनच येते, पण तिच्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही! दूधही न घेणाऱ्या वीगन लोकांना अर्थातच व्हेही चालत नाही. त्यांच्यासाठी वाटाणा किंवा सोयाची पावडर मिळते.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसेल तर ‘आयसोलेट’ प्रकारचं व्हे घ्यावं, त्यात लॅक्टोज फारच कमी असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच पावडर घेऊ नये.

आणि गरज किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. डाळ, उसळ, दही, पनीर नीट खाणाऱ्याला ती बहुधा जेवणातूनच मिळतात.